गोधडीच्या पोटात

ब्लेडचं टोक वाकळेच्या कोपऱ्यात घातलं आणि चार टाके कापले. आत चिंध्या निघतील असं वाटलं होतं. निघाली दुसरी वाकळ.

सबंध, अखंड वाकळ. तिला स्वतःचे मुडपलेले काठ होते आणि अंगभर लाल दोऱ्याचे टाके होते. बाहेरच्या वाकळेचा दोरा पांढरा. बाहेरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आतला त्याच्या निम्मा. म्हणजे दोन वाकळा, दोन हात आणि बहुधा दोन पिढ्या. मी बराच वेळ नुसती बघत बसले आणि मग मावशीला फोन लावला.

“मग? वाकळ कुणी टाकून देतं व्हय?” मावशी म्हणाली. “फाटली की तिच्यावरच नवी घालायची. वरची मी घातलेली, आतली माझ्या आईची. तिच्याबी आत अजून एक असंल बघ.”

ही वाकळ तिनंच कराडजवळच्या गावातून माझ्याकडे पाठवली होती, बाजारच्या पिशवीत कोंबून. भाचीला दिवस गेले होते आणि बाळंतविड्यातलं दुपटं मी शिवीन असं उत्साहाच्या भरात कबूल करून बसले होते. झबली, टोपडी, कुंची सगळं दुकानात मिळतं, दुपटं तेवढं हातचं हवं. मावशीची एकच अट होती, नवं कापड घ्यायचं नाही. वाकळेचा वरचा पदर विरलाय, तो काढून टाक, खाली चांगलं कापड निघेल ते वापर. काम तासाभराचं होतं. मला तीन आठवडे लागले, कारण प्रत्येक पदर निघाला की मी तो हातात घेऊन बसायचे.

जमीन खणताना जसे थर लागतात तसे हिचे लागत गेले. सगळ्यात वर मावशीची गुलाबी फुलांची पॉलिएस्टरची साडी. टाक्यांपाशी फाटलेली, पण रंग कालच्यासारखा. तिच्याखाली चौकड्यांचे शर्ट, परकराचे घोळ, आणि मामाची शाळेची खाकी चड्डी, उघडून सपाट केलेली. काजी शाबूत होत्या, बटणं नव्हती. बटणं आमच्या घरात कधी कपड्याबरोबर जात नसत, ती आधी कापून डब्यात पडत. त्याखाली आतली वाकळ. तिचा वरचा पदर हिरव्या चौकडीच्या लुगड्याचा, मागे मैद्याच्या पिशवीचं पांढरं कापड, त्यावरची निळी अक्षरं धुऊन धुऊन निम्मी गेलेली. बाजूनं बोटभर उसवून पाहिलं तर मध्ये आजोबांचं धोतर. या आतल्या वाकळेत पॉलिएस्टरचा एक धागा नव्हता. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडात १९४१ मध्ये पहिल्यांदा तयार झाला आणि आपल्याकडे खेड्यातल्या माणसाच्या अंगावर टेरिलीन-टेरिकॉट यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. म्हणजे आतली वाकळ फार करून त्याच्या आधीची. घरात कुणी रोजनिशी लिहिली नव्हती, पण पलंगाखालच्या पेटीत ही एक घडी घालून ठेवलेली होती.

एकाच वस्तूला मराठीत किती नावं आहेत हे शहरात विसरायला होतं. कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ, बऱ्याच ठिकाणी गोधडी, कुठे लेपडं, सीमेपलीकडे कन्नड मुलखात कौदी. बाळाचं ते दुपटं, नावातच दोन पट सांगणारं. आणि चार घड्यांची ती चौघडी. या चौघडीचं गणित मी एकदा कागदावर मांडून पाहिलं आणि चकित झाले. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या तर एक घडी पावणेसात फुटांची होते. उंच माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकला जाईल एवढी लांबी, आणि लुगड्याचा पन्हा एका माणसाच्या अंथरुणाएवढा. म्हणजे कात्री न लावता, एक तुकडा न जोडता, एक लुगडं चार पदरी पांघरूण होऊन जातं. नेसायचं वस्त्र आणि पांघरायचं वस्त्र यांची मापं जणू एकमेकांना विचारून ठरवली आहेत.

लुगडं थेट वाकळेत जात नसे, हे मात्र सांगायला हवं. मधल्या काळात त्याला आणखी एक जन्म असायचा. लुगडं आधी मध्येच विरतं, बसण्याउठण्याच्या जागी. काठापदराकडचा भाग मजबूतच राहतो. मग बाया विरलेला पट्टा कापून काढत आणि उरलेले दोन भाग जोडत. त्या जोडाच्या शिवणीला दंड म्हणतात. दंड घातलेलं लुगडं पुन्हा दोनतीन वर्षं अंगावर चाले. हिरव्या चौकडीच्या त्या पदरावर मला हा दंड सापडला. अंगठा फिरवल्यावर कळावा इतका बारीक, एकावर एक काठ घेऊन दुमडलेला. आजीनं लुगडं वाचवायला तो घातला होता, आणि पुढे लुगडंच वाकळेला वाचवायला गेलं.

आता त्या कापडाच्या मऊपणाबद्दल. हात लावला की लक्षात येतं, पण समजून घेतलं की जास्त मजा येते. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एक पेशी. अनेक पेशींची दोरी नव्हे, एकच्या एक पेशी, सरकीच्या सालीतून वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब झालेली. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत आणि इथे एकेक पेशी चिमटीत धरून ताणता येते. बोंड मिटलेलं असतं तेव्हा ही पेशी ओली आणि नळीसारखी गोल असते. बोंड फुटलं, ऊन लागलं की ती वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस म्हणजे पिळलेल्या फितींचा गुंता दिसतो. त्या पिळांमुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि सूत निघतं.

कोरं कापड कडक लागतं ते मुख्यतः खळीमुळे. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. पहिल्या काही धुण्यांत ती जाते. मग पुढची कित्येक वर्षं दगडावरचं धोपटणं, पिळणं, ऊन, परत पाणी. सुताचा पीळ सैल होतो, तंतूंची टोकं बाहेर येतात, कापडावर डोळ्यांना न दिसणारी लव तयार होते. गालाला जे मऊ लागतं ती ही लव. तेच पॉलिएस्टरच्या बाबतीत होत नाही, म्हणून मावशीची साडी तीस वर्षांनंतरही तशीच निसरडी होती आणि आजीचं लुगडं सायीसारखं झालं होतं. कारखान्यात कापड ‘प्री-वॉश’ करून मऊ केलेलं विकतात. ती नक्कल आहे, आणि बरी नक्कल आहे. पण वीस वर्षांचं धुणं एका दुपारी होत नाही.

उबेचा प्रकार त्याहून गमतीचा. पांघरूण जाड म्हणून ऊब जास्त, असं आपण सहज म्हणून टाकतो. कापड मात्र ऊब तयार करत नाही. ऊब आपली. झोपलेला माणूस साधारण सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. पांघरुणाचं काम एवढंच की ती लगेच निसटू द्यायची नाही. आणि हे काम कापसापेक्षा हवा जास्त करते. कोंडलेली, हलू न शकणारी हवा उष्णता फार हळू वाहून नेते, कापसाच्या तंतूपेक्षाही हळू. अडचण एवढीच की हवेला जागा मोठी मिळाली की ती फिरायला लागते. गरम हवा वर, गार खाली, आणि या फेरीत ऊब निघून जाते. म्हणून मोठी पोकळी कामाची नाही. हवेचे पातळ पातळ पापुद्रे हवेत, एकाखाली एक, प्रत्येक वेगळा कोंडलेला.

वाकळ म्हणजे नेमकं हेच. सात-आठ पदर, दोन पदरांमध्ये हवेचा पापुद्रा, आणि अंगभर टाके घालून त्या हवेच्या लहान लहान खोल्या पाडलेल्या. आतल्या चिंध्यांचे काठ एकमेकांवर चढतात तिथे उंचवटे येतात, तिथे आणखी हवा. वरवर पाहता आपण टाकाऊ कापड एकत्र शिवतो. प्रत्यक्षात आपण हवा शिवत असतो.

आणि शिवतो ती साध्या धावदोऱ्यानं, लहान मुलीला पहिल्यांदा शिकवतात त्या टाक्यानं. सुई खाली, सुई वर. मला नेहमी वाटायचं, एवढ्या कष्टाच्या वस्तूला इतका बिनहुशारीचा टाका कसा? उत्तर सिमेंटच्या पोत्यावर सापडलं. त्या पोत्याच्या तोंडावरची शिवण साखळीची असते. बरोबर टोक सापडलं आणि ओढलं की सर्रकन सगळी शिवण हातात येते. ते पोतं उघडायला सोपं जावं म्हणून केलेलं आहे. धावदोऱ्याचं उलटं. एका जागी दोरा तुटला तर तिथले दोनचार टाके सैल होतात आणि पुढे थांबतं, कारण दोरा प्रत्येक टाक्यात सात-आठ पदरांतून आरपार जातो आणि प्रत्येक पदर त्याला घासून धरून ठेवतो. मी ब्लेड घेऊन बसले होते तेव्हा हे हातानं कळलं. एक टोक धरून ओढलं तर इंचभर दोरा निघायचा आणि मग तुटायचा. आजीची वाकळ उसवायची तर टाका न टाका कापावा लागत होता.

किती टाके? चार बोटांचा चौकोन आखून मोजले आणि पुढचा गुणाकार केला. सहा फूट बाय साडेचार फुटांची वाकळ, टाक्यांच्या दोन ओळींत इंचभर अंतर. सगळ्या ओळी एकापुढे एक लावल्या तर तीनशे चोवीस फूट होतात. मुंबईचा राजाबाई टॉवर दोनशे ऐंशी फुटांचा. तांदळाएवढा टाका आणि तेवढीच मोकळी जागा धरली तर पावणेआठ हजार टाके. हे मावशीच्या वाकळेचं. आजीच्या आतल्या वाकळेत ओळीही जवळ आणि टाकाही निम्मा, तिचा हिशेब मी केला नाही, हिंमत झाली नाही. दुपारची भांडी घासून झाल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी मिळेल तेवढ्या वेळात हे झालेलं आहे.

त्या ओळी कशा जातात ते बघण्यासारखं आहे. वाकळ जमिनीवर अंथरतात, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या असं काहीतरी वजन ठेवतात, लांब कच्चे टाके घालून पदर टाचून घेतात. मग कडेपासून सुरुवात. काठाला समांतर एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. शिवणारी बाई स्वतः वाकळेवर बसून सरकत सरकत आत येत जाते. आजीच्या वाकळेवर कडेच्या ओळीत बोट ठेवलं आणि फिरवत गेले, तर बोट न उचलता मध्यापर्यंत पोचलं. पाटावरच्या रांगोळीसारखी एकच रेघ होती ती.

आजकाल क्विल्ट शिवायला शिकवणाऱ्या पुस्तकांत नेमकं उलटं सांगतात. मधून सुरू करा, बाहेर जा, म्हणजे सुरकुत्या कडेला ढकलल्या जातील आणि क्विल्ट गुळगुळीत होईल. आमच्या बाया कडेनं आत येतात, त्यामुळे जास्तीचं कापड कुठे जाऊच शकत नाही. ते दोन ओळींमध्ये फुगतं, आणि सगळ्या अंगावर त्या ओळखीच्या लाटा उमटतात, वाऱ्यानं तळ्यावर उठतात तशा. पुस्तकाच्या हिशेबानं ही चूक. माझा तर्क असा की त्या फुगलेल्या लाटांतही हवा कोंडते, तेव्हा चूक असली तरी उबदार चूक आहे. शिवाय त्या लाटा नसतील तर गोधडी गोधडीसारखी दिसत नाही, चादर वाटते.

कडेनं आत येण्याची ही रीत आपली एकट्यांची नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हलियाळच्या जंगलपट्ट्यात, सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यांतले अनेक पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून उतरवलेले आणि तिथून पळून घाटमाथ्यावरच्या रानात आलेले. घरात ते कोकणी बोलतात. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांच्या वाकळा शिवतात, त्यांना त्या कवंद म्हणतात, आणि त्याही कोपऱ्यातून सुरू करून फेऱ्या घालत मध्याकडे येतात. पण शेवटी त्या एक गोष्ट करतात जी मी आमच्याकडे पाहिली नाही. चारही कोपऱ्यांवर तिकोनी चिंध्या एकावर एक रचून शिवतात. त्याला म्हणतात फुलं. ही फुलं नसतील तर कवंद त्यांच्या दृष्टीनं उघडीनागडी, अपुरी. हेन्री ड्र्यूअल नावाच्या अमेरिकी कला-अभ्यासकानं या कवंदांचा अभ्यास केला आणि त्यांची प्रदर्शनं परदेशात झाली. मला त्या प्रदर्शनांपेक्षा फुलांचं कौतुक जास्त वाटतं. अंगावरचं सगळं हिरावून घेतलेल्या माणसांच्या लेकी चिंध्यांच्या पांघरुणाला फुलं माळल्याशिवाय ते पुरं झालं म्हणत नाहीत.

चिंधीला आपल्याकडे मान आहेच, फक्त तो आपण बोलताना विसरतो. ‘चिंधीगिरी’ हा शब्द अलीकडचा आणि कद्रूपणाचा. पण कृष्णाच्या बोटाला जखम झाली तेव्हा बहीण सुभद्रा घरात चिंधी शोधत राहिली आणि द्रौपदीनं अंगावरच्या भरजरी वस्त्राची पट्टी फाडून दिली, ही गोष्ट इथल्या प्रत्येक आजीनं सांगितलेली असते. पुढे त्या चिंधीच्या बदल्यात काय मिळालं ते सांगायला नको. गाडगेबाबा ठिगळांचं वस्त्र पांघरून फिरत, लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. आणि फार मागे जायचं तर बुद्धाच्या भिक्षूंचं चीवर. उकिरड्यावर, स्मशानात पडलेल्या चिंध्या गोळा करून ते शिवायचे. पाली ग्रंथ सांगतात की बुद्धानं मगधातली भातशेतं पाहिली, बांधांनी आखलेले लहानमोठे चौकोन, आणि आनंदाला विचारलं, अशी चीवरं करता येतील का? आनंदानं तुकडे जोडून तशी रचना केली. आजही चीवर तुकड्या-तुकड्यांचंच असतं, उजेडात धरलं तर बांध दिसतात. पश्चिम घाटातून उतरताना खाली भातखाचरं दिसतात तेव्हा आपण म्हणतो, गोधडी अंथरल्यासारखं दिसतंय. अडीच हजार वर्षांपूर्वी उपमा उलट बाजूनं सुरू झाली होती.

पण मला परत दुपट्याकडे यायला हवं. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लावावं, आजीच्या लुगड्याचं लावावं, हे सगळेच सांगतात. मऊपणा हे कारण तर आहेच. मावशी म्हणते, “वासानं पोर निजतं.” हे मी हसण्यावारी नेलं होतं. मग एडन मॅकफर्लेन या इंग्लिश डॉक्टरचा १९७५ चा प्रयोग वाचनात आला. त्यानं ऑक्सफर्डमध्ये तान्ह्या बाळांच्या डोक्याच्या एका बाजूला त्यांच्या आईनं छातीशी वापरलेला कापडी पॅड ठेवला आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाईचा. दोन दिवसांच्या बाळाला फरक कळत नव्हता. सहा दिवसांच्या आसपासची बाळं मात्र आईच्या पॅडकडे जास्त वेळ तोंड वळवायला लागली. बाळाला अजून नीट दिसत नाही, बारसंही झालेलं नाही, नावही नाही, पण आपलं माणूस कुठल्या बाजूला आहे ते त्याला कळलंय.

यावरून लगेच आजीच्या लुगड्यात पन्नास वर्षांचा वास टिकतो असं म्हणू नये. धुतलं की वास जातो. म्हणून मी भाचीला सांगितलं, दुपटं आलं की धू आणि मग आठवडाभर तू उशाला घे. त्याचबरोबर आणखी एक सांगितलं, कारण डॉक्टर ते आता बजावून सांगतात. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ सैल पांघरूण ठेवायचं नाही. गुंडाळायला, मांडीवर घ्यायला, आपण शेजारी बसलेलो असताना अंथरायला दुपटं वापरायचं. मावशीला हे पटलं नाही. तिनं सहा पोरं दुपट्यात वाढवलीत.

आजोबांच्या धोतराचं काय करायचं, हा प्रश्न मात्र माझा मलाच सोडवायचा होता. आजोबा गेले तेव्हा त्यांचे कपडे वाटून टाकले असं आई सांगायची. हे एक धोतर आजीनं वाकळेच्या पोटात घातलं, बाहेरून कुणाला दिसणार नाही असं, आणि पुढची सगळी वर्षं ती तेच पांघरून झोपली. कुणाला बोलली असेल असं वाटत नाही. मावशीलाही माहीत नव्हतं. तिला सांगितलं तेव्हा फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे, तिथल्या गुलामांच्या वंशजांची. तिथे मिझूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिनं त्याचे शेतात घालायचे कपडे, गुडघ्यांवर झिजलेल्या विजारी, फिक्या पडलेल्या निळ्या शर्टांचे तुकडे घेतले आणि १९४२ मध्ये क्विल्ट शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेऊन झोपता यावं म्हणून. तिची मुलगी पुढे हे सांगत असे. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या क्विल्ट भिंतीवर लागल्या तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना मोठमोठ्या आधुनिक चित्रकारांशी केली. चित्रं म्हणून त्या थोर आहेत यात शंका नाही, फोटोतही श्वास अडकतो. पण मिझूरी पेटवे आणि माझी आजी यांनी एकमेकींचं नावही न ऐकता, जवळपास एकाच काळात, एकच गोष्ट केली, आणि मला त्याचंच जास्त नवल वाटतं. फरक एवढाच की तिनं नवऱ्याचे कपडे वर लावले आणि आजीनं आत.

हल्ली ‘आईच्या साड्यांची गोधडी’ शिवून देणारे बरेच आहेत आणि मैत्रिणींमध्ये अशा भेटींची चांगलीच चलती आहे. साठीला, मुलगी परदेशी निघाली तेव्हा, सासूबाई गेल्यावर नणंदेला. माझा त्याला पूर्ण पाठिंबा, फक्त एक तक्रार आहे. लोक नेमक्या जरीच्या पैठण्या काढून देतात. जर बोचते, जुनं रेशीम टाक्यांच्या ओळीवर चिरत जातं, आणि जॉर्जेट तर सुईखालून मासोळीसारखं पळतं. अशी गोधडी पलंगावर शोभेला राहते, अंगावर येत नाही. आईच्या कपाटात रोजच्या चार सुती साड्या असतात, हळदीचे डाग असलेल्या, पदराला हात पुसून पुसून पातळ झालेल्या. त्या द्याव्यात. मी तर म्हणते दोघातिघांचं कापड एकत्र येऊ द्यावं. गावोगाव फिरून अंगणात वाकळा शिवून देणाऱ्या बायका होत्या, अजूनही काही येतात. त्यांच्यासमोर घरातली प्रत्येक बाई आपापलं गाठोडं आणून टाके, आणि जावाजावांची भांडणं एका वाकळेत शेजारी शेजारी शिवली जात.

माझ्या दुपट्याचं शेवटी असं झालं. वरचा पदर आजीच्या हिरव्या लुगड्याचा, दंड बरोबर मध्ये येईल असा. खालचा पदर भाचीच्या सुती ओढणीचा. पोटात आजोबांच्या धोतराची एक पट्टी, हातभर. दोरा लाल घेतला. सुई इतक्या पदरांतून जाईना म्हणून अंगुस्तान शोधलं, ते बटणांच्या डब्यात निघालं, आजीचंच, माझ्या बोटाला घट्ट. कडेनं सुरुवात केली आणि तिसऱ्या फेरीत ओळ वाकडी गेली. उसवली नाही.

आतली वाकळ मी पुन्हा शिवून टाकली. मावशी म्हणाली तशी तिच्यातही आणखी एक आहे, चाचपडलं की जाड काठ हाताला लागतो. तो उघडला नाही.

मावशी बारशाला आली तेव्हा दुपटं हातात घेऊन तिनं पहिल्यांदा उलटं केलं. वरची बाजू कुणीही नीट करतं, हात कळतो तो मागच्या बाजूनं. चष्मा कपाळावर सरकवून, कापड डोळ्यांजवळ नेऊन तिनं दोन बोटांनी एक ओळ चाचपली.

“टाका लई मोठा पडलाय,” ती म्हणाली. “बाळाच्या पायाचा अंगठा अडकंल यात.” आणि कमरेच्या पिशवीतून सुई काढून तिथेच पाळण्याशेजारी बसली.